ज्वारीच्या फुटव्यात जनावर सोडण्याआधी

पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली की खरिपाची ज्वारी गुडघ्याएवढीच राहते. मग एखादी सर येते, बुडातून हिरवेगार फुटवे निघतात आणि घरात कडबा संपत आलेला असतो. जनावरांना किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागते ती याच दिवसांत. अर्ध्या तासापूर्वी चरणारी गाय आडवी पडलेली दिसते आणि घरचे ‘पान लागलं’ म्हणत बांधाला साप शोधत बसतात.

खरं तर उभ्या ताटात तयार विष जवळपास नसतंच. तिथे असतं धुरिन, फुटलं की विष सोडणारा पदार्थ. अरबीत ज्वारीला ‘धुर्रा’ म्हणतात, त्यावरून १९०२ साली हे नाव पडलं. धुरिन पानाच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये साठतं आणि ते फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आतल्या थरात असतं. विकरं ही प्रथिनं. सजीवाच्या शरीरातली रासायनिक कामं ती झपाट्याने उरकतात, प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं आणि काम करून ती स्वतः खर्ची पडत नाहीत, म्हणून चिमूटभरही पुरतात. कांदा जाग्यावर पडून असतो तोवर डोळ्यांत पाणी येत नाही, विळीवर धरला की येतं. तिथेही पेशी फुटल्या की विकराला त्याचा पदार्थ सापडतो. गायीने पान चावलं की तसंच होतं, फक्त इथे हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचं विष, सुटतं. गाय, म्हैस, शेळी यांच्या कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणू त्यात भर घालतात.

पुढचा घाव दुसऱ्याच विकरावर बसतो. पेशीत प्राणवायू वापरायचं काम ज्या विकराकडे असतं, त्यालाच हे विष जखडतं. रक्तात प्राणवायू भरपूर, पण पेशीला तो घेता येत नाही. म्हणून हिरड्या आणि डोळ्यांच्या कडा लालभडक दिसतात, तोंडाला कडू बदामासारखा वास येतो, धाप लागते, फेस येतो, अंग थरथरतं. जनावराच्या दर किलो वजनामागे साधारण २ मिलिग्रॅम विष जीव घ्यायला पुरतं. ४०० किलोच्या गायीला ८०० मिलिग्रॅम झालं. किलोमागे २०० मिलिग्रॅम विष सोडणारी हिरवी वैरण असेल तर तेवढं चार किलोत येतं, म्हणजे एका कवेत मावेल एवढ्यात!

म्हणून ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी घालू नका आणि दोन फुटांखालच्या फुटव्यात जनावर अजिबात सोडू नका. ताणात सापडलेल्या चाऱ्याच्या ज्वारीला पाऊस आला म्हणून लगेच युरिया फेकू नका, नत्र वाढलं की धुरिनही वाढतं. कापून ताजी कुट्टी केली म्हणजे धोका टळला, असं पुष्कळजण मानतात. उलट कुट्टीत पेशी आधीच फुटलेल्या असतात. कापलेली वैरण पातळ पसरून कडक उन्हात पुरती वाळू द्या, विष उडून जातं. अर्धवट सुकलेली मात्र नको. मुरघासातही ते बरंच कमी होतं. पिकलेल्या ज्वारीच्या वाळक्या कडब्याला ही भीती नाही. (ताणातल्या ज्वारीत नायट्रेटही साठतं आणि ते वाळवून जात नाही. त्यात रक्त तपकिरी दिसतं, उपचारही वेगळा.) लवकर हिरवा चारा हवाच असेल तर थोडा मका किंवा बाजरी टाका, त्यांत धुरिनची भानगड नाही. आणि उपाशी जनावर हिरव्यावर सोडू नका, आधी कडबा खाऊ द्या.

लागलीच किराळ तर जनावर तिथून हलवा, तोंडातला चारा काढा आणि लगेच डॉक्टरांना किंवा १९६२ या पशुवैद्यकीय क्रमांकावर फोन करा. काय खाल्लं, किती वेळ झाला, हिरड्यांचा रंग कसा, हे सांगा. गुळाचं पाणी पाजत बसू नका. धाप लागलेल्या जनावराला जबरदस्तीने पाजलं की पाणी फुप्फुसात जातं. डॉक्टर शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. थायोसल्फेटमधलं गंधक घेऊन यकृतातलं रोडानेज नावाचं विकर विषाचं थायोसायनेट करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. हे विकर गायीकडे मुळातच असतं, कमी पडतं ते गंधक. सलाइन लागेपर्यंत तिची धाप चालू असली, तर वाचण्याची आशा असते.