जुनी फ्लाइट जॅकेटे: घेताना आणि सांभाळताना या चुका टाळा

अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेने ए-२ हे वैमानिकांचे चामडी जॅकेट १९३१ साली स्वीकारले आणि नौदलाच्या जॅकेटाला जी-१ हे नाव १९४७ मध्ये मिळाले. या दोहोंची कमरेपर्यंतची आखूड बेतणी आणि विणलेले लोकरी कफ उचलून अमेरिकेतल्या कारखान्यांनी पुढची काही दशके सामान्य ग्राहकांसाठी जॅकेटे शिवली. सीअर्ससारख्या मोठ्या दुकानांनी ती आपल्या लेबलांखाली विकली. आज ही मूळ नागरी जॅकेटे आणि त्यांच्या नव्या प्रतिकृती, दोन्हींना मागणी आहे. मला मात्र दर हिवाळ्यात त्याच त्या चुकांनी खराब झालेली जॅकेटे पाहावी लागतात, आणि त्यांतली बहुतेक वाचवता आली असती.

सर्वांत मोठी चूक तेलाची आहे. आपल्याकडे कोल्हापुरी वहाणेला तेल पाजण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे, कारण वहाणेचे चामडे जाड असते, त्याला अस्तर नसते आणि ते धूळपाण्यात वापरायचे असते. जॅकेटाचे चामडे त्या मानाने पातळ असते, त्याच्या आत रेयॉनचे अस्तर असते आणि सगळा डोलारा सुती दोऱ्याच्या टाक्यांवर उभा असतो. तिथे सढळ हाताने ओतलेले तेल चामड्याचे तंतू नको तितके सैल करते, टाक्यांची भोके ताणते, अस्तरात उतरते आणि धूळ धरून ठेवते. काही महिन्यांनी त्यातली चरबी पांढऱ्या थरासारखी वर येते. त्या थराला बुरशी समजून लोक पुन्हा पुसतात आणि पुन्हा तेल लावतात.

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या एका पुणेकर स्नेह्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून जी-१ च्या धर्तीचे एक नागरी जॅकेट घेतले होते. घोड्याचे चामडे, फरची कॉलर आणि हात पुढे नेताना अडू नये म्हणून पाठीला दोन्ही बाजूंनी दिलेल्या घड्या, असे ते देखणे नग होते. चामडे थोडे कोरडे वाटले म्हणून त्यांनी एका रात्रीत त्यावर नीट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेल्या, चामड्याला लावायच्या तेलाचे) तीन हात दिले आणि ते लवकर मुरावे म्हणून जॅकेट हीटरजवळ टांगून ठेवले. सुट्टीत ते मला दाखवायला घेऊन आले, तेव्हा मूळचा लालसर तपकिरी रंग काळपट झाला होता, खांदे ओघळले होते आणि काखेत अस्तरावर पंजाएवढे डाग उमटले होते. कॉलरची फर ज्या कातडीवर असते ती उष्णतेने कडक झाली होती आणि घडी पडते तिथे तिला चीर गेली होती. त्यातून डाव्या बाहीची शिवण उसवलेली. ती एका दुरुस्तीच्या दुकानाने जाड पॉलिएस्टर दोऱ्याने, जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोके पाडून, मशिनवर मारून दिली होती. चामड्यावर भोकांच्या दोन रांगा जवळजवळ आल्या की ते टपाल तिकिटासारखे त्याच रेषेवर फाटते, आणि पहिल्यांदा हात वर करताच ते तसेच फाटले होते. एवढ्या सुंदर वस्तूची ही गत केवळ एका रात्रीच्या घाईमुळे झाली, याचे मला आजही वाईट वाटते.

माझी पद्धत संथ आहे. जॅकेट घरी आले की मऊ ब्रशने कोरडेच झाडावे, नंतर जेमतेम ओलसर सुती कापडाने पुसावे आणि काही दिवस सावलीत तसेच राहू द्यावे. मग पांढरे कापड आतल्या शिवणीजवळ हलकेच घासून पाहावे. कापडावर लाल भुकटी आली तर वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले ते चामडे आतून कुजू लागले आहे असे समजावे. ती झीज कोणत्याही तेलाने किंवा क्रीमने उलटत नाही, म्हणून असे जॅकेट अंगात घालूच नये. चामडे शाबूत पण रुक्ष असेल, तर वाटाण्याएवढे चामड्याचे कंडिशनर कॉलरच्या खालच्या बाजूला लावून आठवडाभर वाट पाहावी. बहुतेक वेळा त्याहून जास्त काही लागत नाही. संग्रहालयांतले जतनतज्ज्ञ तर आता जुन्या चामड्याला तेल लावण्याचे शक्यतो टाळतातच. उसवलेली शिवण हाताने, जुन्याच भोकांतून घालून देणारा कारागीर मिळेपर्यंत ती तशीच ठेवलेली बरी.

दुसरी चूक खरेदीतली आहे. 'महायुद्धातले अस्सल वैमानिकाचे जॅकेट' हे शब्द वाचले की नवखे खिशात हात घालतात आणि लेबल पाहत नाहीत. लष्करी ए-२ च्या लेबलावर प्रकार आणि कंत्राटाचा तपशील असतो. ३०-१४१५ हा आराखडा क्रमांक पुष्कळ लेबलांवर आढळतो. लष्करी जी-१ वर नौदलाचा विनिर्देश (स्पेसिफिकेशन) क्रमांक असतो. नागरी जॅकेटावर यांऐवजी दुकानाचे किंवा कारखान्याचे नाव असते. शिवाय शिवणीत दडलेली छोटी पट्टी शोधावी, कारण ती पुष्कळ बोलते. आरएन हा कपडे बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीचा अमेरिकी नोंदणी क्रमांक १९५२ पासून दिला जाऊ लागला आणि १३६७० पासूनचे क्रमांक १९५९ पासूनचे आहेत. त्यामुळे पाच आकडी आरएन असलेले जॅकेट महायुद्धातले असूच शकत नाही, विक्रेत्याने आजोबांची कितीही गोष्ट सांगितली तरी. धुण्या-सुकवण्याच्या सूचनांची कायमची पट्टी १९७२ पासून सक्तीची झाली, म्हणून ती दिसली तर जॅकेट बहुधा त्यानंतरचे. कामगार संघटनेच्या शिक्क्यावर एसीटीडब्ल्यूयू ही अक्षरे असतील तर ते १९७६ च्या आधीचे नाही, कारण ती संघटनाच त्या वर्षीच्या विलीनीकरणातून निर्माण झाली.

एकट्या चेनवरून मात्र निष्कर्ष काढू नये. टॅलन, कॉनमार किंवा क्राउन या जुन्या अमेरिकी कंपन्यांची चेन दिसली म्हणून जॅकेट जुने ठरत नाही आणि वायकेके या जपानी कंपनीची दिसली म्हणून ते नवे ठरत नाही, कारण चेन बदलली जाते. चेनच्या पट्टीलगतचे चामडे भिंगाखाली पाहावे. तिथे आताच्या टाक्यांव्यतिरिक्त रिकाम्या भोकांची एक रांग दिसली, तर मूळ चेन गेलेली आहे. पाठीवर रंगवलेली चित्रेही तशीच तपासावीत. चामड्याला पडलेल्या जुन्या भेगांच्या आत रंग उतरलेला असेल, तर भेगा आधीच्या आणि चित्र नंतरचे. नागरी जॅकेट हे लष्करी जॅकेटापेक्षा कमी दर्जाचे नाही, हेही मला आग्रहाने सांगायचे आहे. त्याची शिवण कित्येकदा तितकीच उत्तम असते. ते नागरी म्हणून, नागरी जॅकेटाच्या भावाने घ्यावे.

मापात फसू नका. जुन्या लेबलावरचा ४२ हा आकडा आजच्या ४२ शी जुळेलच असे नाही. स्वतःला नीट बसणारे जॅकेट टेबलावर पसरून काखेपासून काखेपर्यंत, खांदा, बाही आणि पाठ मोजावी, आणि विक्रेत्याकडून तीच चार मापे मागावीत. ती द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. पाठ आखूड वाटली तर ती मुळात तशीच आहे, कारण बेतणीच बसून विमान चालवणाऱ्याची आहे.

जुनी चेन अडली तर ओढू नका. दातांवर मेणबत्ती फिरवा, खालची पिन खोबणीत पूर्ण बसली आहे ना ते पाहा, आणि मगच रनर वर न्या.

नवी प्रतिकृती घेणाऱ्यांची वेगळी घाई असते. जपानमधल्या हिमेजीच्या शिंकी किंवा शिकागोच्या हॉरवीन या चामडे कमावणाऱ्या कारखान्यातल्या घोड्याच्या चामड्याचे जॅकेट सुरुवातीला ताठ असते, आणि कोपरात सुरकुत्या लवकर पडाव्यात म्हणून काही जण ते गरम पाण्यात बुडवतात, वॉशिंग मशीनमध्ये फिरवतात किंवा सँडपेपरने घासतात. गरम पाण्याने चामडे आकसते आणि घासलेला पृष्ठभाग परत येत नाही. घरात पुस्तक वाचताना, भांडी लावताना ते घालून वावरावे. कोपर आपोआप वळण घेतात.

मुंबईत आणि कोकणात पावसाळा हाच खरा शत्रू आहे. प्लॅस्टिकच्या खोळीत बंद केलेल्या जॅकेटावर गणपतीपर्यंत बुरशी आलेली असते. रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती खोळीत, भिंतीपासून दूर टांगावे, कपाटात सिलिका जेल ठेवावे आणि उघडीप मिळाली की सावलीत वारा द्यावा. डांबरगोळ्यांचा वास चामड्यात आणि अस्तरात मुरतो, तो निघता निघत नाही. कफांना कसर लागू नये म्हणून ठेवण्यापूर्वी ते ब्रशने झाडावेत, घामाचे डाग पुसून घ्यावेत, आणि महिन्यातून एकदा कफ व कमरेची पट्टी उलटून आतली बाजू बघावी.