पोरांचं मराठी लिखाण सुधारायचंय? वयाप्रमाणे असं करून बघा

पहिली-दुसरीच्या पोरांना निबंध देऊच नका प्लीज. आधी बोलू द्या, "आज डब्यात काय होतं?" विचारा, जे सांगतील ती दोन वाक्यं त्यांनाच लिहू द्या आणि लाल पेन तेव्हा लांबच ठेवा.

पाचवी ते सातवी हे खरं वय. 'माझी आई' म्हटलं की सगळ्यांचं एकच, माझी आई खूप प्रेमळ आहे. मी एकीला विचारलं, प्रेमळ म्हणजे काय करते गं? तर म्हणाली, शेवटची गरम पोळी तव्यावरून थेट माझ्या ताटात टाकते. अगं मग हेच लिही ना, प्रेमळ खोडून टाक!

ऱ्हस्व-दीर्घ पण याच वयात घ्या, पण एका वेळी एकच नियम, म्हणजे 'फूल' दीर्घ पण 'फुलाला' ऱ्हस्व, 'गरीब' पण 'गरिबाला', आठवडाभर स्वतःच्याच वहीत तेवढंच शोधायला लावा.

नववी-दहावीवाले पाठ केलेले निबंध सोडत नाहीत, मार्कांची भीती असते. त्यांना लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावा, जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडायचं. दुसरा ड्राफ्ट मात्र दुसऱ्या दिवशीच.