अडकलेली प्रिंटची रांग कशी साफ करावी

जूनमध्ये खानापूर-निपाणीच्या झेरॉक्सच्या दुकानांत प्रवेशाच्या कागदांची गर्दी असते. एकाला उतारा हवा असतो, दुसऱ्याला जातीचा दाखला, आणि नेमका तेव्हाच प्रिंटर गप्प बसतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रिंट देऊ नका. प्रत्येक वेळी तेच काम रांगेत नव्याने जमा होतं आणि अडथळा निघाला की सगळ्या प्रती एकदम बाहेर पडतात.

ए-४ आकाराचं रंगीत पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, पूर्ण उलगडलं तर २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात. ठिपक्याला ३ बाइट धरले तर जवळपास २६ एमबी. प्रिंटरला एवढं एका दमात झेपत नाही. म्हणून विंडोजमधला प्रिंट स्पूलर काम आधी डिस्कवर लिहून ठेवतो आणि प्रिंटर मागेल तसं पुरवतो. तोवर तुम्हाला पुढची फाइल उघडता येते.

रॅममधला मजकूर लाइट गेली की पुसला जातो, डिस्कवरचा राहतो. म्हणूनच कॉम्प्युटर रीस्टार्ट करूनही अडकलेलं काम पुन्हा समोर येतं. फाइल लिहिली जात असतानाच लाइट गेली तर ती अर्धवट राहू शकते आणि मागची सगळी कामं तुंबतात.

आधी रांग उघडून फक्त ते काम कॅन्सल करून बघा. ‘डिलीटिंग’ असं दाखवून तिथंच थांबलं तर पुढचं करा.

१. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडा. यादीत ‘प्रिंट स्पूलर’वर राइट क्लिक करून ‘स्टॉप’ करा.
२. प्रिंटर बंद करा. त्याच्या स्वतःच्या मेमरीतही अर्धं पान उरलेलं असतं.
३. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स हे फोल्डर उघडा. ॲडमिनची परवानगी मागेल, ती द्या. आतल्या फाइली पुसा, फोल्डर मात्र ठेवा. एसपीएल फाइलीत छापायचा मजकूर असतो, एसएचडी फाइलीत त्या कामाची माहिती. फाइल पुसली जात नसेल तर बहुधा स्पूलर अजून चालू आहे.
४. स्पूलर ‘स्टार्ट’ करा, मग प्रिंटर चालू करून एकच पान काढून बघा.

यात त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या प्रिंटरांची थांबलेली कामं जातात, तेव्हा कोणाचं काय राहिलंय ते आधी वहीत टिपून घ्या.

प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ हा पर्याय असतो. त्यावर टिक असेल तर ती काढाच, नाहीतर छापून झालेली गिऱ्हाइकांची आधार कार्डंही दुकानाच्या डिस्कवर साठत राहतात.