खिडकीची टायटल पट्टी पडद्याबाहेर गेली तर?

छोट्या स्क्रीनवर एखादा सेटिंग्जचा डायलॉग इतका उंच उघडतो की 'ओके'चं बटण खाली दडतं आणि टायटल पट्टी वर निसटते. अशा वेळी पट्टी शोधत बसू नका. लिनक्सच्या ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपमध्ये सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबून धरा आणि खिडकी कुठेही पकडून ओढा, ती सरकते. एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये सुपरऐवजी ऑल्ट. आकार बदलायचा असेल तर तीच की धरून प्लाझ्मा आणि एक्सएफसीईमध्ये माउसचं उजवं बटण, ग्नोममध्ये मधलं. माउसच नसेल तर ग्नोममध्ये ऑल्ट+एफ७ दाबून बाणांच्या कळांनी खिडकी हलवता येते.

खिडकी रोज ठरावीक जागीच उघडावी असं वाटत असेल, तर प्लाझ्माला तोड नाही. ऑल्ट+एफ३ दाबा, 'मोअर अ‍ॅक्शन्स'मधून त्या खिडकीच्या खास सेटिंग्ज उघडा आणि 'पोझिशन' व 'साइझ' हे गुणधर्म जोडा. पुढचा पर्याय मात्र विचारपूर्वक निवडा. 'फोर्स' केलंत तर खिडकी नंतर हलवताच येत नाही, आणि ते फार जाचक होतं. 'अप्लाय इनिशिअली' फक्त उघडताना जागा ठरवतं, पुढे तुम्ही मोकळे. बहुतेकांना हेच हवं असतं. 'रिमेंबर' शेवटची जागा लक्षात ठेवतं.

वेलँडवर (लिनक्समध्ये खिडक्या पडद्यावर दाखवणारी नवी प्रणाली) साधारणपणे अ‍ॅपला स्वतःची जागा ठरवता येत नाही, त्यामुळे खिडक्या हलवणाऱ्या wmctrl या कमांडसारख्या जुन्या युक्त्या तिथे चालत नाहीत. प्लाझ्माचे हे नियम खुद्द विंडो मॅनेजर (खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम) लावतो, म्हणून ते वेलँडवरही टिकतात.