जुनी स्ट्रॅटोकास्टर बघायला जाण्याआधी

‘१९६३ची आहे, सगळं ओरिजिनल’ असं विक्रेता फोनवर म्हणाला की त्याला आधी एकच विचारा: माझ्यासमोर नेक, म्हणजे गिटारचा दांडा, काढून दाखवाल का? तो नाही म्हणाला, तर प्रवासाचा खर्च वाचवा. न्यू जर्सीत राहणारा माझा मावसभाऊ अशाच एका नकारानंतर आल्या पावली परतला. वाजवून बघताना गिटार त्याला फार आवडली होती, तरी परतला, आणि त्याने अगदी योग्य केलं.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यातून फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार १९५४ साली बाहेर पडली ती मुळातच स्क्रूंनी जोडलेली. नेक चार स्क्रूंवर, तिन्ही पिकअप (तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे भाग) पिकगार्डवर, म्हणजे बॉडीवरच्या प्लास्टिकच्या झाकणावर. त्यामुळे दुरुस्ती सोपी, आणि भेसळही तितकीच सोपी. साठ वर्षांत कुणी नेक बदलला, कुणी पिकअप काढून विकले, कुणी नवा रंग दिला. म्हणून गिटार एक आहे असं न मानता प्रत्येक भागाची वेगळी साक्ष काढायची आणि त्या साक्षी एकमेकींशी जुळतात का ते बघायचं.

पिशवीत फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, भिंग, लहान बॅटरी, अल्ट्राव्हायोलेट बॅटरी, मल्टिमीटर, गिटारची केबल आणि मऊ फडकं ठेवा. स्क्रू मात्र विक्रेत्यालाच काढू द्या. त्या काळचे हिरवट पांढरे पिकगार्ड सेल्युलॉइडचे असत. ते आक्रसतात आणि कडेला तडकतात. तुमच्या हातून तडा गेला तर भांडण अटळ.

नेकप्लेटवरचा, म्हणजे नेकच्या सांध्यामागच्या धातूच्या पट्टीवरचा, क्रमांक पाहून हुरळून जाऊ नका. ‘एल’ने सुरू होणारे क्रमांक १९६२च्या अखेरीपासून १९६५पर्यंतचे, हे खरं. पण प्लेटी डब्यातून हाताला येतील तशा लावल्या जात, त्यामुळे क्रमांकावरून नेमकं वर्ष ठरत नाही. शिवाय प्लेट सुटी विकत मिळते. खरा पुरावा नेकच्या बुडाशी असतो. १९६२पासून तिथे रबरी शिक्का मारत. ‘२ मार्च ६३ बी’ असा शिक्का दिसला की अनेक जण ‘दोन मार्च’ वाचतात. तो दोनचा आकडा तारीख नसून मॉडेलचा संकेत आहे, ‘बी’ म्हणजे नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे) नेकची रुंदी, आणि महिना-वर्ष हीच काय ती तारीख. तीही नेक तयार झाल्याची. गिटार त्यानंतर जोडली गेली.

नेक हातात आहे तोवर बुडाकडून फ्रेटबोर्डचा, म्हणजे तारा दाबायच्या पट्टीचा, सांधा बघा. १९५९च्या मध्यापासून १९६२च्या मध्यापर्यंत रोजवूडची पट्टी जाड आणि खालून सपाट असे. नंतर ती पातळ झाली आणि सांध्याची रेघ कमानदार आली. १९६३च्या नेकवर कमानच हवी.

आता पिकगार्डखाली. पॉटवर, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागावर, ३०४ दिसले तर तो स्टॅकपोल कंपनीचा, १३७ असेल तर सीटीएसचा. पुढचे दोन आकडे वर्ष आणि शेवटचे दोन आठवडा. ३०४६३२० म्हणजे १९६३चा विसावा आठवडा. पॉट गिटारपेक्षा जुना असू शकतो, कारण साठा पडून राही. नेकनंतर बऱ्याच वर्षांचा निघाला तर तो बदललेला आहे. सोल्डर भिंगातून बघा: ताजा चकचकीत थेंब लपत नाही. पिकअपचं बूड १९६३ला काळं हवं; करडं १९६४पासून दिसू लागतं. केबल लावून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून मल्टिमीटरवर एकेक पिकअप मोजा. साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम यावेत. काहीच आलं नाही तर आतली तार तुटली असण्याची शक्यता मोठी.

रंगावर सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण नव्याने रंगवलेल्या गिटारची किंमत साधारण निम्म्यावर येते. त्या काळी बॉडीवर लहान खिळे ठोकून तिला रंग देत आणि वाळल्यावर खिळे उपटत. त्यामुळे पिकगार्डखालच्या त्या भोकांत कोरं लाकूड दिसलं पाहिजे. भोकांत रंग उतरलेला असेल किंवा भोकंच नसतील, तर बॉडी पुन्हा रंगवलेली समजा. अल्ट्राव्हायोलेट उजेडात जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळं चमकतं. मागाहून मारलेले ठिपके बहुधा गडद उठतात. फिएस्टा रेड, लेक प्लॅसिड ब्ल्यू असे कस्टम रंग तेव्हा ५ टक्के जादा देऊन मिळत. आज त्यांना मोठा भाव आहे, म्हणून तिथे दुप्पट संशय घ्या.

फ्रेट, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बदललेले असतील तर मला फारसा खेद वाटत नाही. वाजणाऱ्या गिटारचे फ्रेट झिजणारच. भाव थोडा कमी करून घ्या. भाव ठरवताना मागितलेल्या किमती बाजूला ठेवा आणि लिलावात वा रिव्हर्ब या वाद्यविक्रीच्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष विक्री झालेले आकडे बघा, तेही त्याच वर्षाच्या, त्याच रंगाच्या, तितक्याच बदललेल्या गिटारचे. ‘अमक्याने वाजवलेली’ या गोष्टीचा कागद नसेल तर त्याचे शून्य पैसे. पिंक फ्लॉइड बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर बरीच बदललेली असूनही जून २०१९मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात ३९,७५,००० डॉलरला गेली, कारण ती कुणाच्या हातात होती याबद्दल शंकाच नव्हती.

गिटार भारतात आणायची असेल तर लाकूडही तपासून घ्या. त्या काळचं फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोजवूडचं असतं आणि ते लाकूड १९९२पासून साइट्स या दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय ते सीमेपार नेता येत नाही. पुढे फेंडरने भारतीय रोजवूड, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारा शिसव, वापरला. त्याच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९पासून साइट्सची सूट आहे. परवाना कोण काढणार आणि किती दिवसांत, हे पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून लिहून घ्या. नेकचा शिक्का, पॉटचे आकडे आणि खिळ्यांची भोकं यांचे फोटो त्याच कागदाला जोडा.