एनआयसीयूतून बाळ घरी आलंय? या चुका टाळा

आमची लेक २९व्या आठवड्यात झाली, वजन १,१२० ग्रॅम. ५८ दिवसांनी एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी आणली तेव्हा जेमतेम १,९०० ग्रॅमची होती. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, फोटो काढून झाले, आणि रात्री अकरा वाजता लक्षात आलं की घरात मॉनिटर नाही. श्वास चालू आहे हे आता सांगणार कोण?

मग पहिली चूक झाली. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून काढून तिच्या पायाला लावला. कधी ८४, कधी ९९, कधी नुसत्या रेघा. मोठ्यांच्या बोटासाठी केलेलं ते यंत्र एवढ्याशा पायावर भरवशाचा आकडा देत नाही. ज्यांना डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावून पाठवलंय, त्यांना बाळांसाठीचा वेगळा प्रोब, म्हणजे पायाला लावायचा भाग, सांगतात. बाकीच्यांनी छाती उघडी करून, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका, कारण ही बाळं भरभर श्वास घेतात, पाच-सात सेकंद थांबतात आणि पुन्हा सुरू करतात. तेवढं चालतं. पण शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, बरगड्यांखाली पडणारा खड्डा, कण्हणं, २० सेकंद श्वास थांबणं किंवा ओठ-जीभ निळसर होणं, यातलं काहीही दिसलं की १०८ला फोन करायचा.

झोपवण्याचं घरी हॉस्पिटलच्या अगदी उलटं असतं. एनआयसीयूत तिला पालथी ठेवायचे, म्हणून आम्हीही तेच करायला निघालो. तिथे वायरी लावलेल्या होत्या आणि नर्स समोर होती. घरी बाळ उताणंच झोपवायचं, घट्ट गादीवर. मोहरीची उशी, गुबगुबीत दुलई आणि खेळणी पाळण्याबाहेर.

दुधाबाबतची आमची चूक जास्त महागात पडली. “झोपू दे गं, सुया टोचून टोचून दमलीय बिचारी,” आजी म्हणाल्या, आणि आम्ही तिला सलग पाच तास झोपू दिलं. पूर्ण दिवसांचं बाळ भुकेनं घर डोक्यावर घेतं. कमी दिवसांचं बाळ भूक लागली तरी झोपून राहतं, आणि जितकं उपाशी राहील तितकं सुस्तावतं. दुसऱ्या दिवशी तिला ओढायलाही जोर नव्हता. तेव्हापासून दर दोन-अडीच तासांनी गजर लावला. दुपटं काढायचं, तळवे चोळायचे, मग पाजायचं. दमली की उरलेलं काढलेलं दूध बोंडल्यानं, तिला उठती धरून, घोट घोट. आडवं धरून ओतलं तर ठसका लागतो. दुधात घालायची पुडी दिली असेल तर ती किती मिलीत घालायची ते लिहून घ्या, आणि “जरा जास्त टाकू, लवकर भरेल” असं करू नका. वजन रोज किराणाच्या काट्यावर बघू नये. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर पाहावं. या काळात दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ पुरे.

ऊब हवी म्हणून शेगडी आणि धुरी आलीच. ओवा-वावडिंगाचा का असेना, धूर तो धूरच, आणि ही फुप्फुसं आधीच थकलेली असतात. घुटी, मध, काजळ, नाकात तेल, सगळ्याला नाही म्हणा. त्याऐवजी उघड्या छातीवर बाळ. कांगारू केअरची ही पद्धत १९७८च्या सुमारास कोलंबियात बोगोटाला सुरू झाली, ती इन्क्युबेटर अपुरे होते म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. आईनंच करावं असं नाही. आमच्याकडे रात्रीची पाळी बाबाची होती, आणि दोघंही घोरायचे. बाळाचे पाय गार आणि पोट गरम असेल तर ते ऊब मागतंय. काखेतलं तापमान ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइटमध्ये हवं.

आशाताई आल्या तर “आमचं हॉस्पिटलमध्ये चालू आहे” म्हणून दारातून परत पाठवू नका. घरी येऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं उभी केली, मग ती देशभर गेली.

वयाचा हिशोब दोन प्रकारे ठेवा. हसणं, मान धरणं, पालथं पडणं हे डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजायचं, म्हणजे आमच्याकडे ११ आठवडे वजा करून, तेही दोन वर्षांपर्यंत. शेजारच्या बाळाशी तुलना त्यामुळे बादच. लस मात्र खऱ्या जन्मतारखेनं: पेंटाव्हॅलेंट ६, १०, १४ आठवड्यांना. “अजून लहान आहे” म्हणून लस पुढे ढकलतात, आणि ज्याला तिची जास्त गरज तेच उघडं पडतं.

सगळ्यात मोठी चूक डोळ्यांची. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासतात. २८ आठवड्यांच्या आतलं असेल तर त्याहीआधी. आरओपी म्हणतात तो आजार पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्यानं होतो. एक तपासणी करून भागत नाही. पडदा पूर्ण वाढेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी जावं लागतं, आणि नेमकं घरी आल्यावर लोक सोडतात. कारण बाळ दिव्याकडे बघतं, डोळे टपोरे दिसतात. बाहेरून काहीच कळत नाही, आणि लेझरनं वाचवता येणारी नजर काही आठवड्यांच्या उशिरानं हातची जाते. आम्हाला एका तारखेला पाऊस म्हणून जावंसं वाटत नव्हतं; रिक्षा मिळाली आणि गेलो. ऐकण्याची बेरा तपासणी राहिली असेल तर तीही याच फेऱ्यांत उरकून घ्या.

बारशाला आम्ही सात जणच होतो. सर्दी झालेल्या आत्येला येऊ दिलं नाही, ती रुसली. दिवाळीला बोलली.