बर्फाखालच्या मासेमारीसाठी आमिष कसे निवडावे

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स किंवा लेक ऑफ द वुड्स यांसारखी मोठी तळी गोठली, की बर्फाला भोक पाडून गळ सोडणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. या मासेमारीत बर्फाला लागून असलेले पाणी शून्य अंशाच्या आसपास असते, तर तळाशी ते साधारण 4 अंश सेल्सिअस असते, कारण त्या तापमानाला पाणी सर्वांत जड होते. अशा थंडीत माशाचे पचन मंदावते, तो थोडेच खातो आणि भक्ष्याचा लांबवर पाठलाग करत नाही. म्हणून उन्हाळ्यातली मोठी, वेगाने ओढायची आमिषे सहसा बाजूला ठेवावीत. चमकणारे कृत्रिम आमिष माशाला जवळ बोलावते आणि त्यावर लावलेले खरे आमिष त्याला तोंड उघडायला लावते. ही दोन कामे वेगळी आहेत हे समजले की निवड सोपी होते.

ब्लूगिल आणि क्रॅपी या माशांसाठी टंगस्टनचे छोटे जिग, म्हणजे वजनदार डोके असलेले गळ, मला सर्वांत भरवशाचे वाटतात. टंगस्टन शिशापेक्षा बरेच घन असल्यामुळे 3 ते 5 मिलिमीटरचा दाणाही लवकर खाली जातो, पातळ दोरी ताणून धरतो आणि ब्लूगिलच्या इवल्याशा तोंडातही मावतो. त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणाऱ्या पतंगाची अळी, म्हणजे वॅक्सवर्म लावावी. गळाचे टोक अळीच्या जाड टोकाजवळच्या कातडीतून अलगद काढावे आणि बाकीचे अंग मोकळे लोंबू द्यावे. टोचलेल्या जागी किंचित रस पाझरला पाहिजे. पण अळी पिचून रिकामी झाली, तर ती बदललेलीच बरी. अळ्यांची डबी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावी, कारण बर्फावर उघडी राहिल्यास त्या गोठून मरतात.

थंडीत मंदावलेला असा छोटा मासा आमिष ओढत नाही, नुसते चोखतो. त्यामुळे काठीच्या टोकाला नाजूक स्प्रिंग लावून तिच्याकडे लक्ष ठेवावे. ती वाकलेली असते ती एकाएकी वर उचलली गेली, तर माशाने आमिष तोंडात घेऊन वर उचलले आहे असे समजावे आणि मनगटाने हलका झटका द्यावा.

वॉलाय हा अंधुक प्रकाशात चांगले पाहणारा शिकारी मासा असल्याने पहाट आणि संध्याकाळ त्याच्या नावे राखून ठेवावी. त्याच्यासाठी अरुंद धातूचा चमचा, म्हणजे चमच्यासारखे चकाकणारे कृत्रिम आमिष घ्यावे. मिशिगनमध्ये बनणारा स्वीडिश पिंपल हा त्यातला जुना, नावाजलेला प्रकार आहे. त्याच्या तिरगळावर, म्हणजे तीन टोकांच्या गळावर, मिनो या छोट्या माशाचे फक्त डोके लावावे: कल्ल्यांच्या मागे डोके तोडून गळ हनुवटीखालून घालून टाळूतून बाहेर काढावा. अख्खा मासा लावला, तर चमच्याची हालचाल दबते. रापाला या फिनलंडच्या कंपनीचा जिगिंग रॅप हा माशाच्या आकाराचा कृत्रिम गळ मात्र खऱ्या आमिषाशिवायच वापरावा, कारण तो उचलून सोडल्यावर स्वतःच गोल फिरत खाली जातो आणि त्याचे बळ त्या फिरण्यात आहे. कोणतेही आमिष असले तरी दोन-तीनदा उचलावे, मग पूर्णपणे थांबावे. मासा बहुतेकदा त्या थांब्यातच घेतो, आणि नवखे लोक नेमके तेव्हाच अधीर होऊन पुन्हा हलवतात.

पाइक या मोठ्या शिकारी माशाला एवढी नजाकत लागत नाही. भोकावर टिप-अप हे झेंडी वर करणारे साधन ठेवून पाणवनस्पतींच्या कडेला मेलेला स्मेल्ट मासा टांगावा. पाइकचे दात दोरी कापतात, म्हणून गळापाशी तारेचा तुकडा अवश्य जोडावा.

रंगाच्या चर्चा लोक तासन्‌तास करतात, पण माझ्या मते आकार आणि संथपणा यांना अधिक महत्त्व आहे. गढूळ पाण्यात किंवा अंधारात चकाकणारा हिरवट रंग घ्यावा, स्वच्छ पाण्यात आणि उन्हात चंदेरी किंवा सोनेरी धातू पुरतो.

कोकणात खाडीवर गरी घेऊन बसणाऱ्याला उरलेली कोळंबी पाण्यात टाकण्याची सवय असेल, तर ती इथे सोडावी. मिनेसोटात उरलेले जिवंत मिनो तळ्यात सोडण्यास कायद्याने बंदी आहे, कारण त्यांच्याबरोबर परके जीव आणि रोग पसरतात. ते कचऱ्यात टाकावेत, किंवा पुन्हा वापरायचे असल्यास तळ्याचे पाणी ओतून बाटलीतले किंवा घरून आणलेले नळाचे पाणी त्यांना घालावे. आणि हे सारे, बर्फ किमान 4 इंच जाड, टणक आणि स्वच्छ असल्याची स्वतः भोक पाडून खात्री केल्यावरच.